खडखडाटाची चौकशी

मोटारीच्या पुढच्या चाकांखालून येणाऱ्या ठोक्यांचा विशेष असा, की ते गाडीच्या धन्याला नित्य ऐकू येतात, त्याच्या शेजारी बसणाऱ्यास कधीमधी येतात, आणि ज्याने ते ऐकावेत म्हणून गाडी नेलेली असते त्या कारागिराला, तो कान देऊन बसल्याबरोबर, ऐकू येईनासे होतात. याचे कारण दैवात शोधण्याचे प्रयोजन नाही. ठोका उमटण्यास रस्ता, वेग, वजन आणि वळण यांचा ठराविक मेळ जमावा लागतो, आणि कारखान्यापुढच्या गुळगुळीत डांबरी पट्ट्यावर तो जमत नाही. शिवाय पुढच्या चाकांची सगळी जोडणी ज्या पत्र्याच्या सांगाड्याला टांगलेली असते तो आवाज इतक्या सहजपणे इकडून तिकडे वाहून नेतो, की डाव्या चाकापाशी उमटलेला ठोका चालवणाऱ्याला आपल्या पायाखालीच वाजल्याचा भास व्हावा. म्हणून ‘पुढून आवाज येतो’ एवढ्या मोघम कैफियतीवर गाडी कोणाच्या स्वाधीन करू नये, हे मला पदरचे पैसे खर्चून कळले. त्या खर्चाचा इतरांना काही उपयोग व्हावा म्हणून हकीगत तपशिलाने लिहीत आहे.

कोल्हापूर ते मलकापूर हा माझा कामाचा रस्ता. रत्नागिरीकडे जाणाऱ्या त्या मार्गावरची तांबडी माती चाकांच्या कमानीत वाळून घट्ट बसलेली होती, पाऊस नुकताच ओसरला होता, आणि अशा दिवसांत माझ्या लहान गाडीच्या डाव्या अंगाने एक कोरडा, आखूड ठोका येऊ लागला. मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना काही नाही. गल्लीतल्या उखडलेल्या फरश्यांवरून दुसऱ्या गियरमध्ये, ताशी वीसाच्या आसपास चालले की मात्र ‘टक टक’ अखंड सुरू. एका प्रशस्त, काचेच्या दालनाच्या कारखान्यात मी गाडी दिली. तेथील तरुणाने पुढचे डावे चाक जॅकवर उचलले, ते दोन्ही हातांनी हलवून पाहिले, कोठे ढिलाई जाणवली नाही. परंतु शॉकअपच्या नळकांड्यावर धूळ चिकटेल इतपत ओल दिसली, आणि तेवढ्या पुराव्यावर शॉकअप गळत असल्याचा निकाल देण्यात आला. जोडीने दोन्ही शॉकअप बदलले, चाकांचे अलाइनमेंट झाले, बिल भरून मी फाटकाबाहेर पडलो, आणि पहिल्याच खड्ड्यापाशी तोच ठोका, त्याच जागी, त्याच सुरात ऐकला. पुन्हा तक्रार केली तेव्हा लोअर आर्म बदलण्याचा सल्ला मिळाला. तोही बदलला. टक टक कायम राहिली, आणि पुढे काही महिन्यांत तिच्या जोडीला दुसरा, जड आवाज आला: ब्रेक दाबताना एकदा ‘धप्’, आणि सोडताना पुन्हा एकदा.

शिवाजी उद्यमनगरात, लेथच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांच्या दाटीत, एका वयस्क मेस्त्रींचे छोटे गॅरेज आहे. त्यांच्याकडे हायड्रॉलिक लिफ्ट नाही. जमिनीत खणलेला जुन्या पद्धतीचा पिट आहे, ज्याच्या दोन्ही काठांवर चाके टेकवून गाडी उभी राहते आणि मनुष्य खाली उतरतो. माझी कैफियत ऐकून घेताना त्यांनी आवाज कसा येतो हे एकदाही विचारले नाही. कोठे येतो, किती वेगाला येतो, आणि स्पीडब्रेकरवर दोन्ही चाके बरोबर चढवली तर येतो काय, एवढेच विचारले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे होते. त्यावर ते पिटात उतरले आणि मी जॅकबद्दल काही बोललो तेव्हा खालूनच म्हणाले, “गाडी उचलून आवाज हुडकायचा न्हाई, सर. पायावर उभी हाय तवरच ती खरं बोलती.” मग हाताखालच्या पोराला गाडी वरून आडवी हलवायला सांगून त्यांनी मला खाली बोलावले, माझा अंगठा आणि तर्जनी एका बोटाएवढ्या जाडीच्या दांडीच्या टोकावर ठेवली, आणि गाडी डुलली तसे त्या टोकाच्या रबरी टोपीखाली कोणी आतून नखाने टिचकी मारावी तसे काही स्पष्ट जाणवले. टोपी एका बाजूस फाटलेली होती आणि फटीत ग्रीसऐवजी तांबडा चिखल होता.

ही दांडी म्हणजे स्टॅबिलायझर बारची लिंक. वळणावर गाडी एका अंगावर कलू नये म्हणून पुढच्या दोन चाकांना जोडणारा पोलादी आडवा बार असतो, आणि त्याची टोके या लिंकांनी चाकांच्या जोडणीशी बांधलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर उचलली तर बार नुसता आपल्या बुशांत फिरतो आणि लिंकेवर फारसा भार येत नाही. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वर असे झाले की बार पिळला जातो, आणि लिंकेच्या गोळ्यात अर्ध्या मिलिमीटरची जरी पोकळी असली तरी प्रत्येक पिळाबरोबर एक ठोका उमटतो. म्हणूनच सरळ ओलांडलेल्या स्पीडब्रेकरवर माझी गाडी गप्प राही आणि उखडलेल्या फरशीवर बोले. आता कारखान्यातील तपासणीत काय झाले ते पाहावे. एकच चाक जॅकवर उचलले, की दुसरे जमिनीवरच राहते, बार पिळून ताणला जातो, आणि त्या ताणाने लिंकेचा गोळा एका बाजूस घट्ट दाबून बसतो. झिजलेला सांधा हाताला नव्यासारखा घट्ट लागतो. ज्या कृतीने दोष शोधायचा तीच कृती दोष झाकत होती. शॉकअप बदलताना ही लिंक सोडवून पुन्हा बसवावी लागते, म्हणजे खरा गुन्हेगार एकदा तरी त्यांच्या हातात येऊन परत आपल्या जागी गेला असला पाहिजे.

संशय प्रथम शॉकअपवर जातो याला या रचनेचा इतिहासही कारण आहे. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवण्याची अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची योजना १९५० साली ब्रिटनमधील फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांतून लोकांपुढे आली, आणि १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० पासून ती आपल्याकडे घरोघर पोहोचली. त्यापूर्वीच्या ॲम्बॅसेडरला पुढे टॉर्शन बार होते, आणि जागोजागी ग्रीस भरण्याची निपले होती; मेस्त्री ठरल्या वेळी ग्रीसगन घेऊन खाली शिरत असे आणि त्या निमित्ताने प्रत्येक सांध्यावर त्याची नजर फिरत असे. आजचे सांधे कायमचे बंद केलेले असतात. त्यांना ग्रीस लागत नाही ही सोय खरी, पण त्यांच्याकडे कोणी पाहतही नाही, आणि रबरी टोपी फाटून पाणी शिरले की महिन्या-दोन महिन्यांत त्यांचा निकाल लागतो. खांब मात्र मोठा, दर्शनी आणि महाग, म्हणून बोट त्याच्याकडेच दाखवले जाते. शॉकअपच्या अंगावर किंचित तेलकट ओल असणे स्वाभाविक समजावे; तेल ओघळून खाली ठिबकत असेल, किंवा बॉनेटच्या कोपऱ्यावर जोराने दाबून सोडल्यावर गाडी एका हेलकाव्यात स्थिर न होता डुलतच राहत असेल, तर तो बाद समजावा.

लिंकेची खातरजमा करण्याचा एक सोपा उपाय मेस्त्रींनी त्याच दिवशी दाखवला. दोन्ही लिंका सोडवून बार तारेने वर बांधून ठेवला आणि मागच्या गल्लीतून गाडी सावकाश फिरवून आणली. आवाज नाहीसा झाला होता. अशा स्थितीत गाडी वळणावर नेहमीपेक्षा जास्त कलते, तेव्हा हा प्रयोग गल्लीपुरताच करावा, घाटात नव्हे. नव्या लिंका बसवताना आणखी एक पथ्य आहे: नट आवळताना गोळ्याची दांडी आतल्या आत फिरू लागते, म्हणून तिच्या टोकाच्या खाचेत ॲलन-की धरून नट हाताने आवळावा; हवेच्या गनने आवळणारे त्या दांडीबरोबर आतला प्लॅस्टिकचा कपही फिरवतात आणि नवा सांधा जुना करून देतात. या जोडीची किंमत शॉकअपच्या जोडीपुढे किरकोळ होती.

‘धप्’ आवाजाचा छडा वेगळ्याच ठिकाणी लागला, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणात वाचकांनी लक्षात ठेवावा असा भाग तोच. लोअर आर्मच्या बुशात बाहेर एक पोलादी कडे, आत एक पोलादी नळी, आणि मध्ये दोहोंस चिकटवलेले रबर असते. बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याशी जखडली जाते, आणि आर्म वरखाली होतो तो केवळ रबर पिळले गेल्यामुळे. कारखान्यात नवा आर्म बसवताना गाडी वर होती, चाके लोंबकळत होती, आणि बोल्ट तसेच आवळून टाकले गेले. गाडी जमिनीवर आली तेव्हा आर्म वर सरकला आणि बुशातले रबर, गाडी नुसती उभी असतानाही, कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहिले. त्यावर रोजच्या खड्ड्यांचा पीळ पडत गेला. मेस्त्रींनी काढून हातात दिलेल्या त्या जवळजवळ नव्या बुशात नळीच्या कडेने चंद्रकोरीसारखी चीर गेली होती आणि नखाने दाबल्यावर ती उघडत होती. ब्रेक लागताना चाक मागे ढकलले जाते, फाटलेले बुश त्याला थोपवू शकत नाही, आणि लोखंड लोखंडावर आपटते. बुश बदलल्यावर त्यांनी बोल्ट नुसते लावून ठेवले, गाडी पिटावर आणून चाके टेकवली, पुढून दाबून दाबून ती आपल्या स्वाभाविक उंचीवर बसू दिली, आणि मगच खाली उतरून ते टॉर्क रेंचने आवळले. आकडा किती, तो ज्या त्या गाडीच्या माहितीपुस्तकाप्रमाणे घ्यावा. पण चाके जमिनीवर असताना बोल्ट आवळणार काय, हा प्रश्न आर्म बदलून घेणाऱ्या प्रत्येकाने काम सुरू होण्यापूर्वी विचारावा. उत्तर देताना कारागीर घुटमळला, तर गाडी अन्यत्र न्यावी.

मेस्त्रींच्या वचनाला एक अपवाद आहे. चाकाखालचा बॉल जॉइंट पाहायचा असेल तर मॅकफर्सन रचनेत चाक अधांतरी असणेच बरे, कारण गाडीचा भार खांबातून चाकावर उतरतो, या सांध्यातून नाही. चाक लोंबकळत ठेवून आर्म आणि चाकाची जोडणी यांमध्ये पहार घालून उचकटली तर तेथली ढिलाई डोळ्यांना दिसते. चाक वरखाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग, डावीउजवीकडे धरून जाणवला तर टाय रॉड एंड अथवा रॅक एंड, असा ढोबळ हिशेब आहे. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग झटक्याने सुटल्यासारखा ‘टण्ण’ आवाज आला तर बॉनेट उघडून खांबाच्या वरच्या टोकावर तळहात ठेवावा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगावे. वरचे बेअरिंग अडकले असेल तर तो झटका हाताला कळतो.

पुष्कळ ठोके तर सस्पेन्शनचे नसतातच. आवाज चालू असताना ब्रेकवर पाय अगदी हलका टेकवावा. तेवढ्याने तो थांबला तर ब्रेकपॅड किंवा कॅलिपरच्या पिना ढिल्या आहेत असे समजावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालताना चाकाच्या गतीबरोबर जलद होत जाणारी ‘कट कट’ ही ॲक्सलच्या सी. व्ही. जॉइंटची. आणि या सर्वांआधी बॅटरीचा क्लॅम्प, इंजिनाखालचा पत्रा, डिकीतला जॅक, स्टेपनी आणि पाने एकदा हाताने हलवून पाहावेत. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी दोन कारखाने पालथे घातले तो आवाज अखेर सीटखाली गडगडणाऱ्या पाण्याच्या बाटलीचा निघाला. त्यांच्या कुटुंबात हा विषय अजून काढू देत नाहीत.

घरच्या अंगणात यातले काही करू पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी जिवाच्या भीतीने पाळाव्यात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नये, स्टँड लावावेत. आणि खांबाच्या माथ्यावरचा मधला नट, स्प्रिंग कम्प्रेसरने दाबून धरल्याखेरीज, कोणत्याही सबबीवर सोडू नये, कारण त्या एका नटाने आवळून ठेवलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो.

दुरुस्ती किती तातडीची हे दोषावर अवलंबून आहे. वाजणारी लिंक घेऊन सांभाळून गावापर्यंत येता येईल. खेळ पडलेला बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड घेऊन आंबा घाट उतरू नये, कारण तो सांधा निखळला की चाक आडवे पडते आणि गाडी आपल्या हाती राहत नाही. आर्म किंवा टाय रॉड एंड बदलल्यास अलाइनमेंट करून घ्यावे, केवळ लिंकेसाठी त्याची गरज नसते. काढलेले सुटे भाग मात्र मागून घ्यावेत, आणि ते कारागिराच्या समक्ष हातात धरून हलवून पाहावेत. कारखान्याने ‘गळणारे’ म्हणून काढलेले माझे दोन्ही शॉकअप मी मागून घेतले होते. उद्यमनगरात मेस्त्रींनी ते उभे धरून दांडा खाली दाबला, तो सावकाश, एकसारख्या विरोधाने आत गेला आणि तसाच वर आला, तेव्हा ते पुसून त्यांनी आपल्या फळीवर ठेवून घेतले आणि त्याबद्दल बिलातून रक्कम कमी केली.