हॅवलॉकची बोट गाठताना

अंदमानची सहल ठरवताना बहुतेक मराठी घरांत पहिला प्रश्न विमानाचा निघतो. मुंबई-पुण्याहून तिकीट केवढ्याला, चेन्नईत विमान बदलायचं की कोलकात्यात, एवढं ठरलं की सहल ठरली असं वाटतं. मी उलटं सांगेन. आधी हॅवलॉकची बोट ठरवा आणि मग विमान, हॉटेल, फिरणं हे सगळं तिच्याभोवती बसवा. अंदमानात ज्यांची सहल फिसकटते, त्यांची बहुतेकदा बोटीपाशी फिसकटते.

तारखा लावताना

हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्यात नैऋत्य मोसमी पाऊस अंदमानात आपल्याआधी पोचतो आणि सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं उठतात. डिसेंबरचाही पूर्ण भरवसा नाही. २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवेमुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक व नील बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले. त्यांना बाहेर काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. असं दरवर्षी होत नाही. पण एखाद्या दिवसाची फेरी रद्द होणं ही मात्र हंगामातही घडणारी गोष्ट आहे.

म्हणून पहिला नियम: परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. सकाळच्या बोटीनं येऊन दुपारचं विमान पकडू, हा हिशेब कागदावर जुळतो, पण त्या एका फेरीवर विमानाचं तिकीट, पुढची जोडणी, घरच्यांची रजा असं सगळंच टांगून राहतं. एक रात्र मध्ये ठेवली की बोट अर्धा दिवस उशिरा आली तरी काही बिघडत नाही.

दुसरं म्हणजे बेटांचा क्रम. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि परत पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण करा. हॅवलॉकहून नीलला थेट बोटी आहेत, साधारण तासाभराच्या. नीलहून पोर्ट ब्लेअरही जवळ आहे. दोन्ही बेटांना पोर्ट ब्लेअरहून वेगवेगळं जाऊन यायचं म्हटलं तर चार फेऱ्या होतात, त्रिकोणात तीन. हॅवलॉकला दोन रात्री, नीलला एक, आणि पोर्ट ब्लेअरला आल्यावर एक व निघण्याआधी एक, ही वाटणी कुटुंबाला सोसते. हॅवलॉकला स्कूबा करायचं असेल तर हाच क्रम आणखी सोयीचा. पाण्याखाली जाऊन आल्यावर विमानात बसण्याआधी निदान अठरा तास जाऊ द्यावेत, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाल्यावर बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडू शकतो. नीलचा मुक्काम मध्ये आला की हे अंतर आपोआप राखलं जातं.

सेल्युलर जेल पहिल्या दिवशीच बघून घ्या. आपल्याकडची कितीतरी माणसं सावरकरांची कोठडी बघायची म्हणून एवढ्या लांब आलेली असतात. ती भेट शेवटच्या संध्याकाळसाठी ठेवली आणि नेमकी परतीची बोट लांबली, तर जिच्यासाठी आलो तीच राहते. मला तरी ही जोखीम पटत नाही.

तिकीट काढताना

आधी नावं नीट लक्षात घ्या, नाहीतर तिकीट हातात असून माणूस गोंधळतो. २०१८ च्या डिसेंबरपासून हॅवलॉकचं अधिकृत नाव स्वराज द्वीप आहे आणि नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजया पुरम झालं. तिकिटावर नवं नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं, असा प्रकार सगळीकडे दिसेल.

बोटी दोन प्रकारच्या. खासगी बोटी म्हणजे मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे. आत वातानुकूलित बैठक, क्रमांकाच्या खुर्च्या. वेगवान बोट दीड तासाच्या आसपास पोचवते. भाडं माणशी हजार-दीड हजार रुपयांपासून पुढे, वर्गानुसार वाढत जातं. तिकिटं घरबसल्या मिळतात. नाताळ ते नववर्षाच्या दिवसांत जायचं असेल तर विमानाच्या तिकिटाबरोबरच बोटीचंही काढा.

सरकारी बोटी अंदमान प्रशासनाचं नौवहन सेवा संचालनालय चालवतं. त्या फिनिक्स बे जेटीवरून सुटतात, अडीच तासांच्या आसपास घेतात आणि बऱ्याच स्वस्त असतात. बेटावरच्या रहिवाशांना त्यात सवलतीचं भाडं असतं. आपल्या खेड्यांना जशी एसटी, तशी ही बोट तिथल्या लोकांना. पोर्ट ब्लेअरच्या दवाखान्यात दाखवून परतणारे आजोबा, कॉलेजची मुलं, सामान भरून निघालेले दुकानदार यांची ती रोजची वाट आहे. मला स्वतःला हीच बोट आवडते. डेकवर उभं राहता येतं, वारा लागतो, आणि शेजारच्या माणसाशी बोलता बोलता बेट कसं वसलं हे कळतं. हॅवलॉक आणि नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना जमिनी दिल्या गेल्या. आजही गावांत बंगाली बोली ऐकू येते आणि नीलची भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. पण जागा मर्यादित असतात. दहा-बारा जणांचा गट घेऊन जात असाल तर खासगी बोट घ्या आणि त्या जागा ज्यांना दुसरा उपाय नाही त्यांना राहू द्या.

फेरी शक्यतो सकाळची घ्या. ती रद्द झाली तर दुपारच्या बोटीचा पर्याय हातात उरतो. दुपारची रद्द झाली की दिवसच गेला.

तिकिटावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. तान्ह्या मुलांचीही नोंद करावी लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांचे नियम वेगळे असतात. ते तारखा ठरवण्याआधीच तपासा.

आदल्या रात्री

तिकिटाच्या कागदी प्रती काढून ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून बेटांवरचं नेटवर्क खूप सुधारलं, तरी नेमकं जेटीवर ते रुसणार नाही याची हमी कुणी देऊ नये. मूळ ओळखपत्रं एका पिशवीत, थोडी रोख रक्कम दुसरीत.

सामानाच्या दोन वाटण्या करा. मोठ्या बॅगा बोटीत चढताना एका बाजूला रचून ठेवतात आणि प्रवासात तिथं हात घालता येत नाही. औषधं, पाणी, एखादी शाल, मुलाचे कपडे आणि दोन-तीन कागदी किंवा प्लास्टिकच्या पिशव्या हातातल्या पिशवीत हव्यात. मोठ्या बॅगेला ठळक चिठ्ठी बांधा. एकाच सहल कंपनीच्या एकसारख्या बॅगा उतरताना हमखास बदलतात.

आता ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी. शरीर डोलतंय हे कानातला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो, आणि डोळ्यांना समोर मात्र केबिनची स्थिर भिंत दिसते. या विसंगतीनं मळमळतं. बंद केबिनमध्ये मोबाइल बघत बसणाऱ्याला म्हणूनच सर्वांत आधी त्रास होतो. उलटी थांबवायची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो. ती निघण्याआधी तास-दोन तास पोटात जायला हवी. तिनं झोप येते. गरोदर बाई, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेली ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलं यांच्यासाठी कोणती गोळी, किती, हे घरून निघतानाच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. बोटीत शेजाऱ्यानं पुढे केलेली गोळी घेऊ नका.

सकाळी उपाशी निघू नये आणि भरपेटही नको. इडली, टोस्ट, केळं एवढं पुरतं. तळलेलं, फार तिखट आणि दुधाचा मोठा पेला टाळा. आलेपाकाच्या वड्या घरूनच न्या. आल्यानं बऱ्याच जणांची मळमळ खरोखर कमी होते.

जेटीवर

कुठल्या जेटीवरून बोट सुटणार हे तिकिटावर वाचा. खासगी बोटींपैकी काही हॅडो धक्क्यावरून सुटतात, सरकारी फिनिक्स बेवरून. दोन्ही ठिकाणं शहरातच आहेत, पण चुकीच्या जागी उतरून बॅगा ओढत पळावं लागलं तर सकाळचा सगळा उत्साह तिथंच संपतो. सुटायच्या तासभर आधी पोचा. ओळखपत्र दाखवायचं, सामान यंत्रातून काढायचं, बोर्डिंग पास घ्यायचा, मग बसायचं. दारं वेळेवर बंद होतात आणि मागाहून आलेल्यासाठी बोट थांबत नाही.

धक्का आणि बोट यांच्यात फळी टाकलेली असते. भरती-ओहोटीनुसार तिचा उतार बदलतो, आणि बोट हलत असते. आजी-आजोबांना गर्दीत ढकलू नका. खलाशांना आधी सांगितलं तर ते हात देऊन चढवतात. चपला सरकणाऱ्या नकोत. कडेवर मूल असेल तर दुसरा हात रिकामा ठेवा.

बोटीत

जागा निवडायची मुभा असेल तर मधली, खालच्या मजल्यावरची घ्या. सी-सॉची टोकं वरखाली होतात आणि मध्य जवळपास जागेवर राहतो, बोटीचंही तसंच. पुढच्या टोकाची काचेची जागा फोटोला छान असली तरी लाटेचे धक्के तिथंच सर्वांत जास्त लागतात. बऱ्याच खासगी बोटींत प्रवासभर डेकवर जाऊ देत नाहीत. त्यामुळे खिडकीतून दूरची क्षितिजरेषा दिसेल असं बसा आणि मळमळू लागलं की नजर तिथं लावा. डोळे मिटून पडलं तरी चालतं. एसी फार गार असतो, शाल तेव्हा लागते.

सुटल्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटं मात्र झोपेत घालवू नका. बंदरातून बाहेर पडताना उजव्या हाताला अटलांटा पॉइंटच्या टेकाडावर सेल्युलर जेल दिसतं. सात पाखांपैकी आता तीनच उरली आहेत. १९११ च्या जुलैत सावरकरांना घेऊन ‘महाराजा’ जहाज याच बंदरात आलं होतं. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याआधीच त्या भिंतींआड होते. कैद्याच्या नजरेला ही इमारत पहिल्यांदा पाण्यावरूनच पडत असे. आत हिंडून आल्यानंतर पुन्हा पाण्यावरून ती बघताना तिची जागा किती विचारपूर्वक निवडली होती ते कळतं. त्यानंतर उजवीकडेच रॉस बेट मागे पडतं आणि डावीकडे नॉर्थ बेचं दीपगृह दिसतं. जुन्या तांबूस वीस रुपयांच्या नोटेमागचं चित्र याच किनाऱ्याचं. तिथून बाहेर पडलं की खरा समुद्र सुरू होतो आणि पिशव्या जवळ घेऊन बसायची वेळ होते.

कुणाला उलटी झालीच तर लाजू नका. खलाशांना सवय असते, पिशव्याही ते देतात. तोंड धुऊन, घोट घोट पाणी पीत, मान मागे टेकवून बसा. गटागटा पाणी प्यायलं की पुन्हा उमळतं.

उतरल्यावर

बोट लागली की सगळे एकदम उठतात. तुम्ही बसून राहा. बॅगांचा ढीग रिकामा व्हायला वेळ लागतोच, आणि फळीवरच्या धक्काबुक्कीतून काही मिळत नाही. मात्र आपली बॅग उचलताना चिठ्ठी वाचा.

जेटीबाहेर रिक्षा आणि टॅक्सी उभ्या असतात. हॅवलॉकचे किनारे आकड्यांनी ओळखले जातात. बरीचशी हॉटेलं गोविंदनगर आणि विजयनगरच्या बाजूला, जेटीपासून काही किलोमीटरवर. राधानगर, म्हणजे सात नंबरचा किनारा, बेटाच्या दुसऱ्या अंगाला सुमारे बारा किलोमीटर. तिथला सूर्यास्त बघायचा तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. अंदमान आपल्याहून खूप पूर्वेला, पण वेळ तीच भारतीय प्रमाणवेळ. डिसेंबरात सूर्य पाचच्या आसपासच मावळतो. दुपारी साडेतीनला बोटीतून उतरणाऱ्यानं राधानगर दुसऱ्या दिवसावर टाकावं. धावपळ करून गेलात तर तिथं अंधारच भेटेल.

पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या पाट्या वाचा आणि जीवरक्षक सांगतील ते ऐका. या बेटांच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. विशिष्ट जागी उतरू नका म्हणतात, त्याला कारण असतं.

परतताना

शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरच राहू द्या. ते बेटाबाहेर नेणं बेकायदा आहे, विमानतळावर बॅगा तपासून काढून घेतात. लहान मुलांच्या खिशांत बघायला विसरू नका.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बोट वेळेवर आहे ना, हे हॉटेलच्या माणसाकडून किंवा बोट कंपनीकडून खात्री करून घ्या. रद्द झाल्याचं कळलं तर आधी हॉटेलची खोली आणखी एका रात्रीसाठी पक्की करा, कारण सगळेच अडकलेले असतात आणि खोल्या झपाट्यानं भरतात. मग कुणीतरी एकानं ओळखपत्रं घेऊन तिकीट खिडकीवर जावं आणि पुढच्या फेरीत नावं लावावीत. पैसे परत मागायचे की तेच तिकीट पुढे ढकलायचं, हे तिथंच विचारून लेखी घ्यावं. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलला फोन करून आपण उशिरा येतोय हे कळवा, नाहीतर तिथली खोली दुसऱ्याला जाईल. आणि खवळलेल्या समुद्रात जादा पैशांवर छोटी होडी न्यायला कुणी तयार झालाच, तर त्याला नाही म्हणा.