बदामी पानांची रंगीत वेल : गच्चीवरचा जोडधंदा

ज्यांच्याकडे शेत नाही, पण गच्ची किंवा उजेडाची खिडकी आहे, अशा बंधु-भगिनींना रोपांचा जोडधंदा करता येतो. त्यासाठी एक चांगले रोप म्हणजे 'स्ट्रिंग ऑफ हार्ट्स'. पत्त्यांतल्या बदामासारखी छोटी, जाडसर पाने असलेली ही वेल टांगत्या कुंडीतून खाली लोंबते. तिचे शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडी. ती मूळची दक्षिण आफ्रिकेची. जॉन मेडली वुड यांना ती १८८१ मध्ये नाताळ प्रांतात खडकांवरून लोंबताना आढळली. आपल्या सह्याद्रीतील खर्पुडी ही तिचीच भावकी. मात्र खर्पुडीच्या अनेक जाती दुर्मिळ असल्याने त्या रानातून खणून विकू नयेत.

या वेलीच्या रंगीत प्रकारात पानांच्या कडा पांढरट असतात व चांगल्या उजेडात गुलाबी होतात. साध्या हिरव्या वेलीपेक्षा तिला भाव जास्त मिळतो. पण रंग गेला की भाव गेला आणि मूळ कुजले की भांडवलच गेले. म्हणून पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

माती : एक भाग पानांचे खत किंवा कोकोपीट, एक भाग जाड वाळू व एक भाग विटांचे बारीक तुकडे. उथळ मातीची कुंडी उत्तम; तळाला भोक हवेच.

पाणी : वेळापत्रकाने घालू नये. पान बोटांत धरून हलकेच वाकवावे. ताठ असेल तर थांबावे, मऊ पडून वाकले तर भरपूर पाणी घालून निथळू द्यावे. जून ते सप्टेंबर कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली, वाऱ्याच्या जागी ठेवाव्यात. जास्त रोपे याच काळात दगावतात.

उजेड : सकाळचे कोवळे ऊन मानवते. दुपारचे कडक ऊन पाने करपवते. फार सावलीत रंग फिका पडतो व पेरे लांबतात.

छाटणी : पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, म्हणून रंगीत फांदी सावकाश वाढते. पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकते. ती दिसताच बुडापासून कापावी. पूर्ण पांढरी फांदी देखणी दिसते, पण स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. तिची कलमे करू नयेत.

नवी रोपे : बियांपासून हा रंग खात्रीने येत नाही. हिरवा-पांढरा दोन्ही रंग असलेली फांदी दोन-तीन पेरांवर कापावी, चीक सुकू द्यावा व पेरे ओलसर मातीवर टेकवावीत. पेरांवर मण्यासारख्या गाठी असतील तर मुळे लवकर धरतात. साधारण तीन-चार आठवड्यांत मुळे येतात.

कीड : पांढरा कापसासारखा ढेकण्या दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावा व ती कुंडी वेगळी ठेवावी.

विक्रीची घाई करू नये. मुळे धरून नवी रंगीत पाने आल्यावरच रोप द्यावे. हिरवी पडू लागलेली वेल रंगीत म्हणून खपवू नये. साध्या वेलीच्या भावाने, सांगून विकावी. दोन मातृवेली मात्र कितीही भाव आला तरी विकू नयेत. पुढचा सगळा माल त्यांच्यातूनच निघायचा असतो.