तेरेखोलच्या काठी

वाकडहून मुळा नदीचा पूल ओलांडला, की पिंपरी-चिंचवडची हद्द संपते आणि पुणे शहराची सुरू होते. शाळेला जाणारी मुले रोज ही सीमा ओलांडतात; परंतु त्यांतील एखाद्यालाही ती ओलांडल्याची जाणीव होत असेल, असे मला वाटत नाही. सीमा म्हणजे काय, हे खरोखर पाहावयाचे असेल, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांदा या गावी जावे, आणि तेही भर पावसाळ्यात. बांदा हे गाव तेरेखोल नदीच्या काठी, महाराष्ट्र आणि गोवा यांच्या सीमेजवळ वसलेले आहे. आषाढात मी तेथे जाऊन आलो.

वाकडपासून बांदा साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. कोल्हापूर मागे टाकून आजऱ्याच्या वाटेला लागले, की उसाचे मळे विरळ होतात, हवेत गारवा येतो आणि आंबोलीला पोहोचेपर्यंत धुके गाडीच्या काचेला भिडते. आमच्या पुण्याकडे वर्षभरात साधारण सातशे मिलीमीटर पाऊस पडतो. आंबोलीला तो सात हजार मिलीमीटरांच्या आसपास पडतो. म्हणजे आपल्याकडे दहा वर्षांत जेवढे पाणी आकाशातून उतरते, तेवढे तेथे एकाच वर्षात, आणि तेही बहुतेक चारच महिन्यांत उतरते! समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या उभ्या कड्यांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि रिकामे होतात.

अशा पावसात वाढणाऱ्या रानाला वर्षावन म्हणतात. वर्षावन म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे दूर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनचे अरण्य उभे राहते. पण त्याची धाकटी भावंडे आपल्या सह्याद्रीतही आहेत. जांभूळ, अंजनी, नागकेशर अशी झाडे येथे एकमेकांना खेटून उभी असतात. त्यांची पाने सगळी एकदम गळत नाहीत. म्हणून हे रान बारमाही हिरवे राहते. खोडांवर शेवाळे, शेवाळ्यावर नेचे, आणि फांद्यांवर आमरी. जमिनीवर पडलेला पाचोळा पावसाचा मारा झेलतो आणि पाणी हळूहळू आत मुरू देतो. हे काम दिसत नाही. झाडे तुटल्यावर मात्र खालच्या गावांना ते दिसू लागते.

या रानातील एका रहिवाशाची हकीकत सांगण्याजोगी आहे. मलबारी उडता बेडूक हा रंगाने हिरवागार असून त्याच्या बोटांमधील पडदे मोठे असतात. ते पसरून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. त्याची मादी डबक्यावर झुकलेल्या फांदीच्या पानांत फेसाचे घरटे करते व त्यात अंडी घालते. पिल्ले बाहेर पडली, की ती थेट खालच्या पाण्यात टपटप गळतात. डबके जागच्या जागी असेल, तरच हा सारा हिशेब जमतो.

आंबोलीला आणखी एक गोष्ट ध्यानात येते. येथे उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे वळते. आजरा, गडहिंग्लज करीत घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळते, आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. घाटाच्या पश्चिम उतारावर पडलेले पाणी मात्र तेरेखोलसारख्या नद्यांतून अरबी समुद्राला जाते. शेजारी शेजारी पडलेल्या दोन सरी, पण त्यांचे समुद्र निराळे! ही सीमा निसर्गाने आखली आहे, आणि ती डोंगर झिजेपर्यंत हलणार नाही. माणसांनी आखलेल्या सीमांचे तसे नसते.

घाट उतरून बांद्याला आलो, तेव्हा पाऊस थोडा थांबला होता. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती कौले, अंगणाच्या कडेला सुपारी आणि माड, आणि खाली तांबूस पाणी घेऊन चाललेली नदी. हे गाव आज लहान दिसते. पण विजापूरच्या आदिलशाहीत ते महत्त्वाचे ठाणे होते आणि त्याला आदिलाबाद असे नाव होते. समुद्रातून गलबते नदीने आत येत. सोळाव्या शतकात दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने या व्यापारी गावाची नोंद करून ठेवली आहे. त्या काळच्या इमारतींचे अवशेष आजही गावात आढळतात.

बाजारात कोकमाची सोले, काजूगर, सुके बांगडे, कोयते आणि रानभाज्या यांची दाटी होती. एका दुकानदाराने मला दुकानाच्या भिंतीवरील पाण्याची खूण दाखविली. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी तेरेखोलचा पूर बाजारपेठेत शिरला होता. मी त्याला विचारले, “मग तुम्ही काय करता?” तो शांतपणे म्हणाला, “गुरुजी, पाणी पायरेर इला, की आमी सामान माळ्यार चढयतो.” नदी रागावली, तरी तिच्याशी अबोला धरता येत नाही, हे त्या माणसाला कोणी शिकवावे लागले नव्हते.

बाजारात सोले विकणाऱ्या एका आजीबाईंचे माहेर पेडणे तालुक्यात, म्हणजे गोव्यात होते. बांद्यापासून पाच-सहा किलोमीटरांवर पत्रादेवी हे सीमेवरील ठिकाण आहे. त्याच्या पलीकडे पेडणे. बोली तीच, भातशेती तीच, देवळांतील जत्राही तशाच. मग ही सीमा आली कोठून? पेडणे हा मुलूख पूर्वी सावंतवाडीकर सावंतांचा होता. १७८८ मध्ये तो पोर्तुगिजांकडे गेला. भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, तरी गोव्यावरील पोर्तुगीज सत्ता हटली नाही. एकाच रानातून जाणाऱ्या पायवाटेवर दोन देश समोरासमोर उभे राहिले.

गोव्याच्या मुक्ततेसाठी पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे आणि वृद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची पहिली तुकडी गोव्यात शिरली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला, अशाच पावसाळी दिवसांत, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या हजारो सत्याग्रहींनी निरनिराळ्या वाटांनी सीमा ओलांडली. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. पत्रादेवीला त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मध्य प्रदेशातील सहोद्राबाई राय हाती तिरंगा घेऊन पुढे चालत होत्या. गोळ्या लागून त्या जखमी झाल्या. पंजाबातील इसडू गावचे कर्नेल सिंग तेथे धारातीर्थी पडले. त्या एका दिवसात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. पंजाबातील तरुणाने हे रान पूर्वी पाहिले तरी असेल का? पत्रादेवीच्या स्मारकापाशी उभा असताना माझ्या मनात हाच विचार पुनःपुन्हा येत होता.

या गोळीबारानंतर भारत सरकारने सीमा बंद केली. आजीबाईंनी सांगितले, की त्यांच्या आईचे माहेरही पेडण्यातच होते, आणि त्या काळात काही वर्षे तिला तेथे जाता आले नव्हते. घरून माहेरची टेकडी दिसे. माणसे मात्र भेटत नसत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि देशांची सीमा मिटली. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला. तेव्हापासून ती दोन राज्यांची सीमा आहे.

आज बांद्याचे कितीतरी तरुण सकाळी कामासाठी गोव्यात जातात आणि संध्याकाळी परततात. आजार मोठा असला, की सिंधुदुर्गातील रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेतात. त्यामुळे २०२० मध्ये करोनाच्या साथीत सीमेवर पुन्हा अडथळे उभे राहिले, तेव्हा या भागाची जी कोंडी झाली, ती दूरच्या शहरांना समजणे कठीण आहे. रानातील प्राणी मात्र या भानगडीत पडत नाहीत. २००२ मध्ये कर्नाटकातून काही हत्ती शेजारच्या दोडामार्ग भागात उतरले. त्यांनी कोणाचा परवाना विचारला नाही. केळीच्या आणि माडांच्या बागांचे मात्र अतोनात नुकसान केले, आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्यांना बसला.

परतण्यापूर्वी मी नदीच्या मुखापर्यंत गेलो. तेथे मोठी गंमत आहे. मुखाशी तेरेखोल नदी ही महाराष्ट्र आणि गोवा यांची सीमा मानतात. परंतु तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, महाराष्ट्राच्या बाजूला असूनही गोव्यात मोडतो! सावंतांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि तेव्हाची ती रेघ अजून तशीच राहिली आहे. गोव्याचे लोक केरी गावाहून फेरीबोटीने नदी पार करून तेथे येतात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी या किल्ल्यावर गेलेले पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर यांना तेथेच गोळ्या घालून ठार मारण्यात आले. किल्ल्यावर त्यांचे स्मारक आहे. मी गेलो, तेव्हा पाऊस पुन्हा सुरू झाला होता. खाली फेरीबोट दोन मोटारी आणि दहा-बारा माणसे घेऊन केरीकडे निघाली होती, आणि आंबोलीच्या बाजूने आलेले तांबडे पाणी समुद्रात शिरून बऱ्याच दूरपर्यंत वेगळे दिसत होते.

स्वाध्याय

१. हिरण्यकेशी आणि तेरेखोल या नद्या निरनिराळ्या समुद्रांना का मिळतात?

२. १७८८, १९५५, १९६१ आणि १९८७ या वर्षी पत्रादेवीच्या सीमेच्या बाबतीत काय काय घडले?

३. तुमच्या गावाची सीमा कशाने ठरली आहे? घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहा.