एका कानाने ऐकताना

शस्त्रक्रियेचे टाके सुकतात, रुग्ण घरी परततो आणि आप्तेष्ट निश्चिंत होतात. ॲकॉस्टिक न्यूरोमाच्या अनेक रुग्णांची एक अडचण मात्र तेथूनच सुरू होते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचा परिचय येथे करून देत आहोत.

ही गाठ कर्करोगाची नसते. तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणात ती बहुधा सावकाश वाढते. ऐकण्याचा व चेहऱ्याच्या हालचालींचा तंतू तिला लगटूनच असतात. डॉ. हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या गाठींवर ग्रंथ लिहिला, त्या काळी प्राण वाचणे हेच मोठे यश होते. १९६० च्या दशकात डॉ. विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित केली. तरीही गाठ मोठी असल्यास त्या बाजूचे श्रवण बहुधा गमवावे लागते.

एक कान शाबूत असताना अडचण कसली, असे आम्हांस विचारले जाते. बाजूने येणारा आवाज एका कानाला दुसऱ्याच्या किंचित आधी पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. त्यावरून आणि आवाजाच्या कमीअधिक तीव्रतेवरून मेंदू दिशा ओळखतो. एक कान गेल्यावर हॉर्न ऐकू येतो, पण वाहन कोणत्या बाजूने येत आहे ते उमगत नाही. पंगतीच्या गलक्यात शेजाऱ्याचे शब्द हरवतात. चांगला कान उशीवर ठेवून झोपल्यास बाळाचे रडणेही ऐकू येईलच असे नाही. हाकेला उत्तर न मिळाल्याने घरच्यांना ते दुर्लक्ष वाटते. रुग्ण हळूहळू चारचौघांत जाणे टाळतो. आमच्या मते खरी हानी ही आहे.

श्रवणतंतूच निकामी झाला असेल तर त्या कानाला साधे श्रवणयंत्र उपयोगी पडत नाही. ‘क्रॉस’ प्रकारचे यंत्र बधिर बाजूचा आवाज टिपून चांगल्या कानाकडे पाठवते. त्या बाजूचे बोलणे कळू लागते. दिशेचे ज्ञान मात्र परत येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी काही दिवस यंत्र वापरून पाहावे. सुरुवातीस जाणारा तोल व्यायामाने बऱ्याच अंशी सावरतो. अंधारात मात्र जपून चालावे.

कुटुंबीयांनी चांगल्या कानाच्या बाजूस बसावे, समोर येऊन बोलावे, बोलताना दूरदर्शन बंद ठेवावा. रुग्णाने रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहण्यावरच भिस्त ठेवावी. उरलेला कान अमूल्य आहे: त्यात काडी घालू नये, फटाक्यांपासून दूर राहावे, नवे औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना कल्पना द्यावी आणि श्रवणचाचणी नियमित करावी.

देणगीदारांच्या साहाय्याने शस्त्रक्रिया होतात, यंत्रेही मिळतात. परंतु दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाला न रागावता दिलेले उत्तर केवळ घरचेच देऊ शकतात. तेवढे त्यांनी द्यावे, ही आमची नम्र विनंती.