‘दोघं मिळून बघा’ एवढ्यावर कंपनी चालत नाही

माझा भाऊ अजूनही लग्नाकार्यात भेटलेल्या नातेवाइकांना सांगतो, की ताईने घरच्या जबाबदाऱ्यांमुळे स्वतःहून कारखाना सोडला. हे खरं नाही. मला काढून टाकलं. कंपनी कायद्याच्या कलम १६९ खाली नोटीस काढून, सर्वसाधारण सभा बोलावून काढलं. माझ्या विरोधात पडलेल्या मतांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त मतं वारलेल्या बाबांच्या शेअरवरची होती. बाबा असते तर माझ्या विरोधात हात वर केला नसता, हे कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतला कुणीही सांगेल.

आमची फौंड्री. उद्यमनगरातल्या भाड्याच्या शेडमधून बाबांनी ती शिरोलीला नेली, कपोला बंद करून इंडक्शन फर्नेस बसवली आणि ट्रॅक्टर-ट्रकच्या कंपन्यांना कास्टिंग द्यायला सुरुवात केली. मी मेटलर्जी करून १९९८ साली कामाला लागले. त्या काळात फर्नेसच्या प्लॅटफॉर्मवर मुलगी उभी राहिली की मोल्डिंगवाले काम थांबवून बघायचे. भाऊ एमबीए करून पुष्कळ नंतर आला. तो आला तेव्हा एसजी आयर्नची अख्खी लाइन मी उभी केलेली होती, हे इथे लिहून ठेवते, कारण कंपनीच्या आताच्या माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही.

बाबांनी आम्हा दोघांनाही जॉइंट एमडी केलं आणि म्हणाले, “दोघं मिळून बघा.” कोण काय ठरवणार, किती रकमेपर्यंत ठरवणार, दोघांचं पटलं नाही तर पुढे काय, यातलं काहीच कागदावर आलं नाही. मी म्हटलं होतं, बाबा, हे लिहून काढूया. एकदा नाही, पुष्कळदा म्हटलं. “तुम्ही काय परके आहात का?” हे त्यांचं उत्तर, आणि शेजारी बसून मान हलवणारा माझा भाऊ. कागद मागणाऱ्याच्या मनात काळंबेरं आहे, असं आपल्या घरांत का समजतात कुणास ठाऊक. नंतर कळतं, की ज्याला कागद नको असतो त्याला तो का नको असतो.

दोन जॉइंट एमडी म्हणजे कारखान्याला दोन दारं. एका दाराने ‘नाही’ ऐकलेला माणूस दुसऱ्या दाराने ‘हो’ घेऊन जातो. स्क्रॅपच्या व्यापाऱ्याचा माल मी परत पाठवला, कारण त्यात मॅंगनीज जास्त येत होतं. दुसऱ्या दिवशी तोच ट्रक भावाच्या चिठ्ठीवर काट्यावर उभा. चाकणच्या एका ग्राहकाला त्याने डिफरन्शियल केसची तारीख परस्पर देऊन टाकली. पॅटर्न अजून ट्रायलवर होता, जाड भागात श्रिंकेज येत होतं, फीडिंग बदलायला वेळ हवा होता. माल गेला, तिकडच्या मशिनिंगमध्ये पोकळ्या उघड्या पडल्या, अख्खा लॉट परत आला. त्या आठवड्यात बोर्डासमोर विषय काय आला? तर ‘उत्पादन विभागातलं वाढलेलं रिजेक्शन’. उत्पादन विभाग म्हणजे मी.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. नेतृत्व दोघांत वाटायचं असेल तर खाती वाटून भागत नाही, निर्णय वाटावे लागतात. ‘उत्पादन तुझं, विक्री माझी’ याला अर्थ नाही, कारण सगळी भांडणं मधल्या जागेवर होतात. डिलिव्हरीची तारीख ग्राहकाला देण्याआधी कुणाची सही लागेल? नवीन मशिनरी किती लाखांपर्यंत एकट्याला घेता येईल? पुरवठादार काळ्या यादीत टाकला तर तो परत कोण घेऊ शकेल? माणसं कामावर कोण घेणार, कोण काढणार? आणि दोघं अडले तर तिसरा कोण? तो तिसरा मामा, काका किंवा घरचा सीए नको. आमचे सीए बाबांच्या वेळचे, पण भावाचे वैयक्तिक रिटर्नही तेच भरायचे. ते कुणाच्या बाजूने बोलणार, हे मी वेगळं सांगायला नको.

बाबा २०१८ साली गेले. मृत्युपत्र नव्हतं. दिवसकार्य आटोपल्यावर मी आणि आई असंच धरून चाललो होतो, की बाबांचे शेअर तिघांत येतील. हिंदू वारसा कायदा १९५६ पासून तेच सांगतो: स्वकष्टार्जित मालमत्ता, मृत्युपत्र नाही, तर विधवा, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा. पुष्कळ जण इथे २००५ ची दुरुस्ती काढून बसतात. ती वडिलोपार्जित सहदायकीतल्या मुलीच्या जन्मसिद्ध हक्काची. बापाच्या स्वतःच्या नावावरच्या शेअरसाठी तिची गरजच पडत नाही.

२०२१ च्या सुरुवातीला घरी स्पीडपोस्टाने पाकीट आलं. कंपनीचंच पाकीट, वर माझं नाव आणि पत्ता आमच्या ऑफिस सुपरिंटेंडेंटच्या अक्षरात. त्यांना मी नोकरीला ठेवलं होतं. मला वाटलं, लॉकडाऊनमुळे राहिलेले वार्षिक सभेचे कागद असतील. आत मला संचालकपदावरून दूर करण्याच्या ठरावाची विशेष सूचना होती. पण मी थिजले ती त्या ठरावाने नाही. त्याखाली भावाची सही होती आणि सहीच्या वर एक ओळ होती: कंपनीच्या ७५ टक्के शेअरचा धारक.

त्याच्याकडे २४ होते. माझे १५, आईचे १०, बाबांचे ५१. मी स्वयंपाकघरात उभी राहून ती बेरीज परत परत केली. २४ अधिक ५१. बाबांचे सगळेच्या सगळे शेअर त्याच्या नावावर चढले होते.

मग एकेक बाहेर आलं. बाबांनी हयातीत एसएच-१३ हा नामनिर्देशनाचा फॉर्म भरलेला होता, नॉमिनी म्हणून एकट्या मुलाचं नाव. त्यावर तो शेअर नावावर करून घेऊन मोकळा झाला. ज्या बोर्ड मीटिंगमध्ये ही नोंद झाली, तिची नोटीस मला आलीच नव्हती. मिनिट्समध्ये मात्र माझ्या नावापुढे ‘रजा मंजूर’. त्या दिवशी मी शॉपवर होते, ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर.

मी फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, “ताई, यात वैयक्तिक काही नाही. बँकेला एकच निर्णय घेणारा माणूस हवाय.” यात वैयक्तिक काही नाही! सख्ख्या बहिणीला. वहिनीने मागून सांगितलेलं मला ऐकू आलं, “म्हणावं, वकिलांशी बोला.”

सभेला मी गेले. काढल्या जाणाऱ्या संचालकाला सभेत बोलण्याचा आणि लेखी निवेदन सगळ्या भागधारकांना पाठवायला लावण्याचा हक्क कायद्याने आहे. तुमच्यावर वेळ आली तर तो सोडू नका. ठराव थांबणार नाही, कारण साधं बहुमत पुरतं आणि कारणही द्यावं लागत नाही, पण पुढे न्यायाधिकरणात तेच निवेदन तुमच्या कामाला येतं. आई आली नाही. “दोघांच्या मध्ये मी येणार नाही,” म्हणाली. तिच्यावर माझा राग नाही. पण तिला हे कुणी सांगितलंच नाही, की बाबांचे शेअर वारसाहक्काने वाटले गेले असते तर माझे ३२ झाले असते, तिचे २७ आणि त्याचे ४१. तिने नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तर मला कुणी हलवू शकलं नसतं. तिची ही ताकद तिच्यापासून लपवून ठेवली गेली, याचा राग मात्र आहे.

नामनिर्देशन म्हणजे मालकी नाही. हे वाक्य ज्यांच्या घरात कंपनी आहे त्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने उलट सांगितलं होतं, की शेअरचा नॉमिनी हाच मालक. भावाचे वकील तेच पुढे करत राहिले, जरी २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ते मोडीत काढलं होतं. शेवटी शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नॉमिनी शेअर सांभाळतो, वारसांचा हक्क त्याने जात नाही. ‘कालनिर्णय’वाल्या जयंतराव साळगावकरांच्या वारसांमधलं हे प्रकरण. तो निकाल आला आणि इतकी वर्षं माझा फोन न उचलणाऱ्या भावाकडून तडजोडीचा निरोप आला. त्याआधी येत नव्हता.

तोपर्यंत मी मुंबईला एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, वाऱ्या करत होते. कलम २४१ खाली दाद मागायला निदान एक दशांश शेअर किंवा सभासदांपैकी निदान एक दशांश लोक लागतात, नाहीतर न्यायाधिकरणाकडून सूट घ्यावी लागते. माझे १५ टक्के होते, त्यामुळे दार उघडायला अडचण आली नाही. कंपनीत सभासद पुष्कळ असतील, तर मुलीला ‘आठवण म्हणून’ दोन-पाच टक्के देणाऱ्या वडिलांनी हा एक दशांशाचा आकडा लक्षात ठेवावा. आमच्या लढाईच्या सुरुवातीलाच, मार्च २०२१ मध्ये टाटा-मिस्त्री प्रकरणाचा निकाल आला. पदावरून काढणं म्हणजे आपोआप दडपशाही ठरत नाही, असा त्याचा रोख. समोरच्यांनी प्रत्येक उत्तरात तो जोडला. तेव्हा फक्त ‘अन्याय झाला’ म्हणून भागत नाही. नोटीस न देता घेतलेली मीटिंग, खोटी मिनिट्स, कंपनीच्या पैशाचा खासगी वापर, असं काहीतरी दाखवता आलं पाहिजे. मला त्या ‘रजा मंजूर’ने तारलं, कारण त्याच वेळेचा फर्नेसचा हीट रिपोर्ट माझ्या सहीचा होता.

आता लोक सांगतात, कुटुंबाची घटना लिहा, फॅमिली कौन्सिल नेमा. जरूर लिहा. पण त्यात काय लिहिलंय आणि ते कुठे नोंदलंय, यावर सगळं आहे. किर्लोस्करांच्या घरात २००९ साली रीतसर करार झाला होता. एकमेकांच्या धंद्यात न उतरण्याच्या अटीवरून वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाला मध्यस्थी सुचवावी लागली. अंबानी बंधूंनी २००५ मध्ये आईसमोर केलेला समझोता गॅसच्या खटल्यात २०१० साली कंपनीवर बंधनकारक ठरला नाही. घरातल्यांचा कागद, कंपनीचे भागधारक त्यात नाहीत. तीच गोष्ट खासगी कंपनीत शेअर विकण्यावर घातलेल्या बंधनांची. भावाभावांनी स्टॅम्पपेपरवर लिहिलं, पण ते कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे नियमावलीत, घातलं नाही, तर ते कंपनीला लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या रंगराज खटल्यापासून हा कायदा पक्का आहे. म्हणजे जे ठरेल ते आर्टिकल्समध्ये गेलं पाहिजे. आणि आर्टिकल्स बदलायला तीन चतुर्थांश मतं लागतात. ७५ हा आकडा भावाने उगाच गाठला नव्हता.

बाहेर पडण्याची किंमत आधीच ठरवा, सगळे हसतखेळत जेवत असताना. तडजोडीत माझे शेअर भावाने विकत घ्यायचे ठरले, तेव्हा त्याने आणलेल्या मूल्यांककाने माझ्या वाट्यातून दोनदा कपात केली: एकदा हे शेअर अल्पमतातले म्हणून आणि एकदा ते बाजारात विकता येत नाहीत म्हणून. ज्या माणसाने मला अल्पमतात ढकललं, त्यालाच त्याबद्दल सूट! शिवाय एमआयडीसीचा भाडेपट्ट्याचा प्लॉट ताळेबंदातल्या जुन्या किमतीने धरला. करारात साफ लिहा: मूल्यांकन पूर्ण कंपनीचं, टक्केवारीने भागून, कपात नाही, जमीन आजच्या भावाने, मूल्यांकक दोघांच्या संमतीचा. पैसे हप्त्याने येणार असतील तर तारण घ्या.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला ठाऊकच असतील. मुलांना यात ओढू नका, तब्येत सांभाळा, फोनवरचं बोलणं नंतर मेलने पक्कं करा. माझ्या भाच्यांशी मी आजही बोलते.

आणि वडिलांच्या कंपनीत काम करणाऱ्या मुलींनो, सदस्यांची नोंदवही बघायला मागा. तुम्ही भागधारक असाल तर तो तुमचा हक्क आहे. नॉमिनी कोण, हे वडिलांना समोर बसवून विचारा आणि त्यांच्याकडून मृत्युपत्र लिहून घ्या. वाईट दिसेल. दिसू दे.

सगळ्यात शेवटी मला कळलं ते बँकेचं. कंपनीच्या कॅश क्रेडिटला मी वैयक्तिक हमी दिलेली होती. संचालकपद गेलं, शेअर गेले, तरी हमी तशीच. आणि डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांनाही दिवाळखोरी संहितेखाली थेट ओढता येतं. म्हणजे ज्या कारखान्याच्या गेटमधून मला आत सोडत नव्हते, त्याच्या कर्जापायी माझ्या राहत्या घराला धोका. भाऊ म्हणाला, बँकेला कळवलंय. शाखेतले साहेब म्हणाले, नोंद घेतलीय. मी तेवढ्यावर उठले नाही. तडजोडीचा पहिला हप्ता घेण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर हमीतून मुक्त केल्याचं पत्र घेतलं, ज्यात खात्याचा क्रमांक आहे, हमीपत्राची तारीख आहे, रक्कम आहे, मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आहे. घराची गहाण ठेवलेली मूळ कागदपत्रंही त्याच दिवशी ताब्यात घेतली आणि पान न् पान मोजून पोच दिली.