छोटे सैनिक, मोठा धडा



दिवाळीच्या सुटीत शेजारची मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, हे तुम्ही पाहिले असेल. कदाचित माती कालवायला तुम्हीही गेला असाल. किल्ल्यावर मातीचे मावळे उभे राहतात. दारात तोफ ठेवली जाते. पण ते मावळे जागचे हलत नाहीत.

समजा, दोन मुलांनी आपापले सैनिक समोरासमोर मांडले आणि लढाईचा खेळ सुरू केला. कोणाचा सैनिक किती पुढे जाईल? गोळा लागला की नाही, हे कोण ठरवील? एक म्हणेल, ‘तुझा सैनिक मेला.’ दुसरा म्हणेल, ‘नाही मेला!’ मग खेळ बाजूला राहील आणि खरे भांडण सुरू होईल. म्हणून खेळाला नियम लागतात.

अशा नियमांचे एक पुस्तक १९१३ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘लिटल वॉर्स’, म्हणजे ‘छोटी युद्धे’. लेखक होते एच. जी. वेल्स (१८६६–१९४६). ‘द टाइम मशीन’ ही प्रसिद्ध कादंबरी त्यांचीच. त्यापूर्वी जर्मनीतील प्रशिया या राज्यात लष्करी अधिकारी नकाशावर युद्धाचा खेळ खेळत असत. वेल्स यांनी घरातील शिशाच्या खेळण्यांसाठी सोपे नियम तयार केले. चला, आपण नवे खेळाडू होऊन ते शिकू या.

मैदान : जमिनीवर लाकडी ठोकळ्यांची घरे, झाडे व टेकड्या मांडतात. मैदान एकच खेळाडू मांडतो. तो कोण, हे नाणे उडवून ठरते. मात्र कोणत्या बाजूने लढायचे, हे दुसरा खेळाडू निवडतो. म्हणून मैदान मांडणारा एका बाजूला मुद्दाम सोय करून ठेवीत नाही. किती साधा आणि किती न्यायाचा नियम!

चाल : खेळाडू आळीपाळीने खेळतात. पायदळाचा सैनिक एका पाळीत १ फूट चालतो, घोडेस्वार २ फूट जातो. अंतर दोरीने मोजायचे, अंदाजाने नाही. विचार करायला वेळही ठरलेला असतो. दर ३० सैनिकांना १ मिनिट आणि दर तोफेला १ मिनिट. तुमच्याजवळ ६० सैनिक व २ तोफा असतील, तर एका पाळीला ४ मिनिटे मिळतील. वेळ संपली की चाल संपली.

तोफ : ही स्प्रिंगची खेळण्यातली तोफ असते. तिच्यातून लाकडाचा लहान तुकडा उडतो. जो सैनिक पडला, तो मेला. तोफेपासून ६ इंचांच्या आत आपले निदान ४ सैनिक असले, तरच ती चालवता येते. एका पाळीत ती जास्तीत जास्त ४ वेळा उडवता येते किंवा पुढे नेता येते. दोन्ही कामे एकाच पाळीत करता येत नाहीत.

हातघाई : दोन तुकड्या एकमेकींना भिडल्या, तर माणसास माणूस मारला जातो. समजा, तुमचे ११ सैनिक शत्रूच्या ९ सैनिकांवर चालून गेले. शत्रूचे ९ मेले, तुमचेही ९ मेले. तुमचे २ उरले. तुम्ही जिंकलात! पण त्या दोघांकडे पाहून तुम्हांला आनंद होईल का? लहान तुकडी आपल्या लोकांपासून दूर एकटी पडली असेल, तर तिच्यातील काही सैनिक कैदही होतात.

इतके नियम ऐकून घाबरू नका. सगळे एकदम पाठ करू नका. पहिल्या डावात दोघांनी फक्त पाच-पाच पायदळ घ्या. सैनिक नसतील तर बटणे किंवा खडूचे तुकडे चालतील. दुसऱ्या डावात घोडेस्वार आणा. तोफ सर्वांत शेवटी. चुकलात, तर नियम पुन्हा वाचा आणि पुढे खेळा. तुम्ही मराठीही अशीच शिकता. आधी सारे व्याकरण पाठ करून कोणी बोलायला लागत नाही. दुकानात, बसमध्ये, मित्रांशी बोलताना आपण चुकतो, सुधारतो आणि मग भाषा आपली होते.

आता शेवटची गोष्ट. ती नियमांत नाही, पण सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या पुस्तकात वेल्स यांनी सांगितले की, हा खेळ तीन-चार वेळा खेळला की खरे युद्ध किती चुकांनी भरलेले असेल, हे कळून येते. खेळात सैन्य चार पावलांवर असूनही आपण हिशेब चुकतो. मग खऱ्या रणांगणावर काय होत असेल?

पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटले. ते १९१८ पर्यंत चालले. त्यात सुमारे एक कोटी सैनिक मरण पावले. भारताचे सत्तर हजारांहून अधिक जवान त्यात कामी आले. दिल्लीचे इंडिया गेट त्यांच्या स्मरणार्थ उभे आहे. त्यावर हजारो नावे कोरलेली आहेत.

मित्रांनो, आपला डाव संपला की दोघे हात मिळवतात आणि सैनिक मोजून डब्यात ठेवतात. मेलेलेही परत येतात, एकही कमी भरत नाही. खऱ्या युद्धात तसा डबा नसतो. हे ज्याला समजले, तो हा खेळ खऱ्या अर्थाने शिकला.

शब्दार्थ
पायदळ – पैदल फ़ौज
आळीपाळीने – बारी-बारी
तुकडी – दस्ता
रणांगण – मैदान-ए-जंग
कामी येणे – लढाईत मरण पावणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक कोणी लिहिले?
(आ) घोडेस्वार एका पाळीत किती फूट जातो?
२. ९० सैनिक व ३ तोफा असतील, तर एका पाळीला किती मिनिटे मिळतील?
३. मैदान एकाने मांडायचे आणि बाजू दुसऱ्याने निवडायची, हा नियम न्यायाचा का आहे?
४. तुम्हांला येणाऱ्या एखाद्या खेळाचे पाच नियम मराठीत लिहा.