खड्यांची शाळा

समाजशास्त्राच्या तासाला मी एकदा विद्यार्थ्यांना गृहपाठ दिला : "दर्यावर जगणाऱ्या एखाद्या बेटावरील समाज कल्पनेने उभा करा." वह्यांतून राजे आले, आरमारे आली, खजिनेही आले, पण नाव हाकण्याची विद्या कोण कोणास शिकवतो, हे एकानेही लिहिले नाही. तेव्हा मी त्यांना एका खऱ्या बेटाची हकिकत सांगितली. तीच येथे थोडक्यात देतो.

पॅसिफिक महासागरात, मायक्रोनेशियात, सातावाल नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ दीड चौरस किलोमीटरही नाही. येथे कूळ आईकडून चालते. परंपरेने अळूची लागवड स्त्रियांकडे, तर मासेमारी व नौकानयन पुरुषांकडे. नीरफणसाच्या लाकडाची होडी काथ्याने बांधतात.

जुन्या पद्धतीच्या नावाड्याजवळ नकाशा नसे, होकायंत्रही नसे. गुरू चटईवर खड्यांचे वर्तुळ मांडी. प्रत्येक खडा म्हणजे एखाद्या ताऱ्याच्या उदयाची वा अस्ताची दिशा. पूर्वेचा मान आपल्या श्रवण ताऱ्याला. आभाळ भरून आले, की लाटांचा हेलकावा अंगाने ओळखायचा. अंतर मोजण्याची रीत तर नवलाचीच. आगगाडीतून आपल्याला झाडे पळताना दिसतात ना? तसेच, होडी स्थिर असून बेटेच सरकतात असे ते धरतात. बाजूचे बेट कोणत्या ताऱ्याखालून कोणत्या ताऱ्याखाली गेले, यावरून किती वाट सरली ते कळते.

अशा साधनांनी दूरची बेटे हेतुपूर्वक गाठता येणार नाहीत, असे अँड्र्यू शार्प यांनी १९५६ साली मांडले होते. १९७६ साली सातावालच्या माउ पियाइलुग यांनी 'होकुलेआ' ही नौका हवाईहून ताहितीला, सुमारे ४,००० किलोमीटर, यंत्राविना नेली आणि वादाला कृतीने उत्तर दिले.

परंतु त्यांच्याच बेटावरील तरुण ही विद्या शिकेनासे झाले होते. घराण्याबाहेर ती देऊ नये असा रिवाज. तो मोडून माउंनी हवाईच्या तरुणांना शिकवले. त्यांपैकी नाइनोआ थॉम्पसन यांनी १९८० साली ताहितीची जा-ये केली. माउ २०१० मध्ये वारले. विद्या मात्र राहिली.

मृग-आर्द्रांवर पेरणीचा हिशेब बांधणारे आजोबा आपल्याही घरी असतात. त्यांना आपण कधी काही विचारले आहे काय? विद्यार्थिमित्रहो, गृहपाठ मी पुन्हा दिला आहे. या खेपेस राजा नंतर येऊ द्या. गुरू आणि शिष्य आधी लिहा.